परमवीर चक्र आणि अशोक चक्र: शत्रू समोर होता का?

दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की मुंबईवरच्या २६/११ हल्ल्यात कसाबला धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांना ‘परमवीर चक्र’ देऊन टाकणारे मेसेज फिरू लागतात. पाठवणाऱ्याची भावना चांगलीच असते, पण ओंबळे यांना मिळालं ते अशोक चक्र. खालच्या पायऱ्यांवर तर घोळ आणखी वाढतो. वीर चक्र, शौर्य चक्र, कीर्ती चक्र ही नावं बातम्यांमध्येसुद्धा सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

मुळात हे दोन वेगळे जिने आहेत आणि प्रत्येकाला तीन पायऱ्या आहेत. एकावर परमवीर, महावीर आणि वीर चक्र. दुसऱ्यावर अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. पहिली तीन पदकं २६ जानेवारी १९५० ला जाहीर झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली, कारण काश्मीरची लढाई मधल्या काळात होऊन गेली होती. दुसरी तीन १९५२ मध्ये आली. तेव्हा त्यांची नावं ‘अशोक चक्र वर्ग १, वर्ग २, वर्ग ३’ अशी होती. प्राण पणाला लावून आलेल्या माणसाला ‘वर्ग ३’ म्हणायचं हे कुणाला सुचलं असेल कोण जाणे. १९६७ मध्ये नावं बदलली आणि कीर्ती, शौर्य हे शब्द आले.

दोन जिन्यांमधला फरक नियमात एका वाक्याचा आहे. शत्रूच्या समोर गाजवलेलं शौर्य असेल तर पहिला जिना, शत्रूसमोर नसलेलं असेल तर दुसरा. म्हणून पहिल्याला युद्धकाळातली पदकं आणि दुसऱ्याला शांतताकाळातली पदकं म्हणण्याची पद्धत पडली. कोण जास्त शूर, याची ही वर्गवारी नाही. अशोक चक्र नागरिकांनाही मिळू शकतं. १९८६ मध्ये कराचीला अपहरण झालेल्या विमानातली नीरजा भनोत त्याची मानकरी आहे, आणि अंतराळात जाऊन आलेले हवाई दलाचे राकेश शर्माही.

परमवीराचं सरळ उदाहरण हवं असेल तर रामा राघोबा राणे यांचं घ्या. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं आडवी पाडलेली आणि वरच्या टेकड्यांवरून मारा चालू. पहिल्याच दिवशी राणे यांच्या मांडीला जखम झाली, तरी ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्याच वेगानं सरपटत, दोरीला हिसके देऊन ते वर बसलेल्या चालकाला इशारे करत आणि रस्ता मोकळा करत पुढे सरकत. हयात असताना परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले. इथे शत्रू समोर होता का, असा प्रश्नच पडत नाही.

प्रश्न पडतो तो पुढे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शांतिसेनेचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा आणि रेजिमेंट महार, एका शोधमोहिमेवरून परतत होते. वाटेत ‘तमिळ वाघ’ म्हणवणाऱ्या बंडखोरांनी (एलटीटीई) त्यांच्या तुकडीवर हल्ला केला. हातघाईच्या लढाईत एकानं त्यांच्या छातीत गोळी झाडली. परमेश्वरन यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. २१ वर्षांनी, २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलतही ती सोडली नाही. म्हणूनच दहा हल्लेखोरांपैकी हा एकटा जिवंत सापडला. दोघांनीही समोरच्याच्या बंदुकीला हात घातला आणि दोघेही त्यातच गेले, पण पदकं वेगवेगळ्या जिन्यांवरची मिळाली.

युद्ध पुकारलेलं नव्हतं म्हणून असं झालं, असं म्हणावं तर युद्ध श्रीलंकेतही पुकारलेलं नव्हतं. १९९९ मध्ये कारगिललाही नव्हतं, तरी तिथे चार परमवीर चक्रं दिली गेली. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना तर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत, थेट काँगोमधल्या लढाईसाठी परमवीर मिळालं. गोळी चालली की नाही, हाही निकष नाही. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैनिकांशी झालेली झटापट दगडांनी आणि गजांनी झाली. त्यात प्राण दिलेले कर्नल संतोष बाबू महावीर चक्राचे मानकरी ठरले. आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी गेले. त्यांना शौर्य चक्र मिळालं, म्हणजे दुसऱ्या जिन्यावरची तिसरी पायरी. दोघेही कर्नल आणि दोघेही आपापल्या तुकडीचे प्रमुख.

गंमत अशी की १९५० च्या लष्करी कायद्यात ‘शत्रू’ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. सशस्त्र बंडखोर, सशस्त्र दंगेखोर, समुद्री चाचे आणि ज्याच्याविरुद्ध कारवाई करणं सैनिकाचं कर्तव्य आहे असा कुणीही हत्यारबंद माणूस त्यात बसतो. त्या हिशेबानं कुपवाड्यातला दहशतवादीही शत्रूच. पण पदकांच्या व्यवहारात देशांतर्गत दहशतवादविरोधी कारवाया साधारणपणे दुसऱ्या जिन्यावर जातात. माझ्या मते ही रेघ धैर्याच्या मोजमापातून आलेली नाही. आपल्याच भूमीवर युद्ध चालू आहे असं म्हणायला कोणतंही सरकार नाखूश असतं, आणि पदकाचं नाव त्या नाखुशीला धरून ठरतं.

हा वाद केवळ नावापुरता असता तर सोडून देता आला असता. अशोक चक्र हे परमवीराच्या तोडीचं मानलं जातं, मानक्रमातही ते लगेच त्याच्या पाठोपाठ येतं आणि पद्मविभूषण या दोघांच्या नंतर. पण ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या मासिक भत्त्याचे आकडे बघा. परमवीराला २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००. महावीरला १०,००० आणि कीर्तीला ९,०००. वीर चक्राला ७,०००, शौर्यला ६,०००. खालच्या दोन्ही पायऱ्यांवर फरक हजाराचा आणि सर्वात वर मात्र एकदम आठ हजारांचा. मानकऱ्याच्या पश्चात हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. तिच्या घरखर्चाला शत्रूच्या व्याख्येशी काय देणंघेणं?

आठवणींची वाटणीही तशीच झाली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात परमवीरांचे २१ अर्धपुतळे आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमानच्या २१ बेटांना त्याच २१ जणांची नावं दिली गेली. दुसऱ्या जिन्यावरच्या माणसांची आठवण बहुधा त्यांच्या त्यांच्या गावांनी आणि शहरांनी ठेवली. ओंबळे यांच्या वाट्याला गिरगाव चौपाटीवरचं स्मारक आलं आणि संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या जातीला दिलेलं ‘इशियस तुकारामी’ हे नाव. ते नाव देण्यासाठी कुणी व्याख्या तपासल्या नाहीत, हे मला आवडतं.

दोन्ही जिन्यांवरच्या पदकांचा आराखडा मात्र एकाच बाईंचा. सावित्री खानोलकर जन्मानं युरोपीय, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्या झाल्या आणि महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिण्याइतक्या इथल्या झाल्या. परमवीरावर त्यांनी मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं घेतली. अशोक चक्रावर मधोमध चक्र आणि भोवती कमळांची माळ. परमवीर कांस्याचं आहे, अशोक चक्राला सोन्याचा मुलामा.

छातीवर पदक नसेल, नुसती फीत असेल, तरी ओळखता येतं. परमवीराची फीत सबंध जांभळी. महावीरची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी निळी, अर्धी केशरी. फीत हिरवी दिसली तर दुसरा जिना. मग त्यावरच्या केशरी रेघा मोजायच्या: एक असेल तर अशोक, दोन असतील तर कीर्ती आणि तीन असतील तर शौर्य.