किमान कर्नल व्हर्जन वाढवणं (लिनक्स)

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. एखादा ओपन सोर्स प्रोजेक्ट "लिनक्स कर्नलच्या अमुक व्हर्जनखाली आता आमचं सॉफ्टवेअर चालेलच असं नाही" असं जाहीर करतो, त्याला किमान कर्नल व्हर्जन वाढवणं म्हणतात. हे जास्त करून तळाच्या सॉफ्टवेअरमध्ये घडतं, म्हणजे सी लायब्ररी, भाषांचे रनटाइम (त्या भाषेतले प्रोग्राम ज्यावर चालतात तो भाग), सिस्टमडी (सिस्टम सुरू करून सर्व्हिसेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) वगैरे, कारण कर्नलशी थेट सिस्टम कॉलने, म्हणजे कर्नलकडे काम मागायच्या ठरलेल्या कॉलने, बोलणारे हेच, आणि यांनी किमान वाढवलं की यांच्यावर उभे असलेले प्रोग्रामही त्यात ओढले जातात.

जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालत राहावा याची कर्नलवाले खूप काळजी घेतात. उलट्या दिशेने तशी हमी नाही. उदाहरणार्थ कर्नलकडून रँडम आकडे घेणारा गेटरँडम हा कॉल २०१४ मध्ये कर्नल ३.१७ ला आला, त्याआधीच्या कर्नलवर तो मारला तर "असा कॉलच नाही" एवढंच उत्तर येतं, मग डेव्हलपर फॉलबॅक, म्हणजे पर्यायी कोड, लिहितो की नसेल तर डेव्ह-यूरँडम ही रँडम आकडे देणारी फाइल उघडून वाच. असा एक फॉलबॅक ठीक आहे हो, पण दहा वर्षांत ते साठत जातात आणि त्या कर्नलवर टेस्ट कोणीच चालवत नाही. न तपासलेल्या कोडला सपोर्ट म्हणणं ही माझ्या मते युजरची फसवणूक आहे.

सुरक्षेचाही प्रश्न आहे. फाइल उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होताना ती फाइल आपोआप बंद करणारा फ्लॅग) लावायची सोय कर्नल २.६.२३ पासून आहे, सॉकेटसाठी, म्हणजे नेटवर्क कनेक्शनसाठी, अ‍ॅक्सेप्ट४ हा कॉल २.६.२८ ला आला. त्याहून जुन्या कर्नलवर आधी उघडा मग फ्लॅग लावा असं दोन पायऱ्यांत करावं लागतं, आणि मधल्या क्षणी त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने नवा प्रोग्राम सुरू केला तर उघडं डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा हँडल) त्या नव्या प्रोग्रामच्या हातात जातं. फॉलबॅक ठेवला की ही फट परत येते.

जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने २०१६ मध्ये आपल्या २.२४ व्हर्जनला किमान कर्नल ३.२ केलं पण इंटेल-एएमडीच्या मशीनला सूट दिली, ती २०१७ मध्ये २.२६ ला गेली. रस्ट या भाषेने २०२२ मध्ये आपल्या १.६४ व्हर्जनला कर्नल २.६.३२ वरून ३.२ वर उडी मारली, गो या भाषेने तेच २०२५ मध्ये १.२४ ला केलं. हे २.६.३२ एवढं टिकलं कारण कंपन्यांत वापरलं जाणारं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ त्यावर होतं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० पर्यंत चालला. सिस्टमडी २५८ ने तर थेट कर्नल ५.४ गाठलं.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. रेड हॅट ८ चं कर्नल ४.१८ दाखवतं पण त्यात ईबीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) वगैरे बरंच नंतरचं बॅकपोर्ट केलेलं, म्हणजे नव्या कर्नलमधून जुन्यात आणलेलं असतं, त्यामुळे व्हर्जन बघण्यापेक्षा सोय आहे का ते विचारणं बरं. डॉकरमध्ये (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट एका इमेजमध्ये बांधून चालवणारं साधन) लोक हमखास फसतात, इमेज नवीकोरी असते पण कर्नल होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर ती चालते तिचंच, मग आतली लायब्ररी सुरू होतानाच "कर्नल टू ओल्ड" म्हणून थांबू शकते.

चांगले प्रोजेक्ट आधी सांगतात. गोने १.२३ च्या रिलीज नोट्समध्येच लिहिलं होतं की २.६.३२ चालणारं हे शेवटचं व्हर्जन. अशा जुन्या मशीनवर आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम चालत राहतात, नवीन बनवायचे तर जुना टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) धरून ठेवावा लागतो, फक्त त्याचे सिक्युरिटी फिक्स येणं कधीतरी बंद होतं, म्हणून कर्नल बदलायची तयारी तेव्हाच सुरू केलेली बरी.