आरोग्य क्षेत्रातल्या पदविका-पदवी प्रवेशाची पूर्वतयारी : विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

अंबाजोगाईच्या आमच्या वर्गात चौकशीला येणारे बहुतेक पालक एकच वाक्य घेऊन येतात : "पोराला नीटला बसवायचंय." आम्ही आधी विचारतो, कशासाठी? डॉक्टरच व्हायचंय, की दवाखान्याच्या क्षेत्रात चांगलं काम मिळावं एवढंच मनात आहे? दुसरं उत्तर असेल तर नीट न देताही जायचे रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्त्याचा अभ्यास वेगळा आहे. रस्ता ठरल्याशिवाय कुठल्याच वर्गाची फी भरू नका. आमच्याकडेही नाही.

कोणत्या शिक्षणाला कोणती परीक्षा

एमबीबीएस, बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), बीयूएमएस (युनानी) यांना नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, लागतेच. आपल्या राज्यात फिजिओथेरपीच्या आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीचे प्रवेशही नीटमधूनच होतात, हे अनेकांना बारावीच्या निकालानंतर कळतं आणि तोवर नीटचा अर्ज भरायची मुदत गेलेली असते. पेपर ७२० गुणांचा, १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ४५-४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. वयाची १७ वर्षं प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. एमबीबीएससाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात.

मराठवाड्याच्या लेकरांसाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक, प्रादेशिक ७०:३० चं सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, २०२० साली रद्द झालं. त्यामुळे आपल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या जागांवर बरोबरीने हक्क सांगता येतो. अर्थात तिकडची मुलंही इकडच्या जागांवर तसाच हक्क सांगतात. दोन, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि बीड जिल्ह्यातलं आपलं अंबाजोगाई एवढीच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं होती, ती आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली धरून आठही जिल्ह्यांत झाली. जागा वाढल्या म्हणून कटऑफ खाली येईल, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परीक्षा देणारेही वाढलेत.

बी. फार्मसीला राज्याची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) किंवा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट. पीसीबीचे २०० प्रश्न, २०० गुण, तीन तास, परीक्षा संगणकावर. वजा गुण नाहीत. अकरावीचा भार २० टक्के, बारावीचा ८०. नीटचा सराव केलेली मुलं इथे एका सवयीमुळे मार खातात : खात्री नसलेला प्रश्न सोडून द्यायची सवय. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. नीटमध्येसुद्धा चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं हिशेबाने फायद्याचंच ठरतं. पण एकही पर्याय खोडता येत नसेल तर तो प्रश्न सोडलेला बरा.

डी. फार्मसी दोन वर्षांची. तिला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. शिक्षणानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करायची तर एक्झिट परीक्षाही द्यावी लागते. डी. फार्मसी झालेल्याला बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरची ओढाताण असेल तर हा रस्ता आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो.

नर्सिंगचे तीन जिने आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. जीएनएम (नर्सिंगची पदविका) तीन वर्षांचं, मुलगे-मुली दोघांनाही, बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, बारावी विज्ञान लागतं, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बी. एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. तिच्यात विज्ञानाच्या तीन विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही येतात. नीटचा अभ्यास झालाय म्हणजे ही परीक्षा हातची, असं समजून बसणारे इंग्रजीत अडकतात.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), एक्स-रे टेक्निशियन, ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, डायलिसिस या पदविकांबद्दल एकच सूचना, पण ती नीट ऐका. प्रवेश घेण्याआधी विचारा : प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं मिळणार, आणि त्यावर राज्याच्या परामेडिकल परिषदेत नोंदणी होते का? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. गल्लीतल्या दुमजली इमारतीत, "शंभर टक्के नोकरी" असा बोर्ड लावून चालणारे कोर्स आपल्याकडे कमी नाहीत. दोन वर्षं आणि बापाची कमाई गेल्यावर नोंदणी होत नाही म्हणून रडत आलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. या व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे. नोंदणीशिवाय काम करणं इथून पुढे अवघडच होत जाणार.

बोर्डाला कमी लेखू नका

लातूर पॅटर्नचं नाव देशभर झालं, ते कष्टामुळे झालं आणि त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्याची नक्कल करताना गावोगाव एक खोड पसरली. कॉलेजात नाव नावापुरतं, प्रॅक्टिकलची जर्नल दुसऱ्याची उतरवलेली, आणि बोर्डाचा अभ्यास शेवटच्या महिन्यात. नीटला चांगले गुण पडले तर कुणी विचारत नाही. नाही पडले तर? मग डी. फार्मसीला तेच बारावीचे गुण मोजले जातात. बी. एस्सी. नर्सिंगला पीसीबी आणि इंग्रजीची ४५ टक्क्यांची अट आडवी येते. आम्ही म्हणून बोर्डाचं पुस्तक आधी पूर्ण करून घेतो. राज्य मंडळाची आणि केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तकं बरीच सारखी असली तरी सगळी सारखी नाहीत. एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातले तक्ते, आकृत्या आणि आकृतीखालच्या बारीक अक्षरांतल्या ओळी नीटला थेट विचारतात, तिथे राज्य मंडळाच्या पुस्तकावर भागत नाही. उलट दीर्घ उत्तर लिहायचा सराव नीटमुळे होत नाही. तो वेगळा करावा लागतो, वहीत, पेनने.

अडचण खरी कुठे असते

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं हुशार लेकरू अकरावी विज्ञानाला जातं आणि दिवाळीपर्यंत गप्प होतं. विषय अवघड असतो म्हणून नव्हे, शिकवलेलं कोणत्या भाषेत आहे हेच कळत नाही म्हणून. अशा मुलांसाठी आमचा सहा आठवड्यांचा पायाभूत वर्ग आहे आणि आमच्या सगळ्या कामात आम्ही तोच सगळ्यात महत्त्वाचा मानतो. त्यात पहिल्यांदा जीवशास्त्राचे इंग्रजी शब्द फोडून शिकवतो. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'हेपॅ' दिसलं की यकृत, 'नेफ्रो' दिसलं की मूत्रपिंड. असे साठ-सत्तर तुकडे पाठ झाले की पान वाचायला भीती वाटत नाही. नीट मराठीतूनही देता येते, आणि मराठी पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही सोबत असतो. पण माध्यम अर्ज भरतानाच निवडावं लागतं, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. त्यामुळे मराठीतून देणाऱ्यालाही इंग्रजी वाचता आलं पाहिजे.

दुसरी अडचण गणिताची. जीवशास्त्र घेतलेल्या मुलांचा अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर यांच्याशी अबोला असतो. दवाखान्यात मात्र रोज याचीच गाठ पडते. आम्ही वर्गात घेतो ती दोन उदाहरणं पाहा.

५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे. सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला किती थेंब? एकूण थेंब १०,०००, एकूण मिनिटं २४०, म्हणून मिनिटाला साधारण ४२. याच बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, बाटलीत ४.५ ग्रॅम. मग मुलांना विचारतो, ०.९ च का? साधं पाणी शिरेत दिलं तर काय होईल? तांबड्या पेशींत पाणी शिरेल, त्या फुगतील आणि फुटतील. अकरावीत जे ऑस्मॉसिस पाठ करून विसरलं जातं, ते इथे कायमचं बसतं. एका बाटलीत रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित तिन्ही आले.

दुसरं : १२ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम प्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरपच्या एका बाटलीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम लिहिलंय, दुसरीवर ५ मिलीत २५०. पहिलीतून ७.५ मिली द्यावं लागेल, दुसरीतून ३.६. बाटली न वाचता "साडेसात मिली द्या" म्हटलं तर दुप्पट औषध जाईल. (हे फक्त गणित शिकवायला आहे, घरी औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.) असं गणित ज्या मुलीला हसत सोडवता येतं, तिला नर्सिंगचं पहिलं वर्ष जड जात नाही.

आणखी एक, हे शिकवून येत नाही. रक्त, पू, रात्रपाळी, नातेवाइकांची आरडाओरड हे रोज सोसवेल का? अर्ज भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर एक सकाळ बसवा. काहींचं मन तिथे पक्कं होतं, काहींचं उडतं. दोन्ही वेळा फायदाच.

कागद आधी, पळापळ नंतर नको

गुण मिळूनही कागदाअभावी जागा जाते, हे दरवर्षी घडतं. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला लवकर मिळतो. नॉन-क्रिमिलेअर प्रवेशाच्या वर्षी वैध आहे का, त्यावरची ३१ मार्चची तारीख वाचून पाहा. जातवैधतेचा अर्ज मात्र अकरावीतच टाका, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. वैधता समिती जुने पुरावे मागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आपला भाग त्या काळात बराचसा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) उर्दूत किंवा मोडी लिपीत निघतं. त्याचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो. वडिलांकडच्या रक्तनात्यात, म्हणजे वडील, चुलते, सख्खा भाऊ यांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आधी शोधा, काम खूप हलकं होतं. टीसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एका अक्षरानेही वेगळं नको.

पैशाचं

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींचं कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. होस्टेल, मेस, गणवेश यांचा खर्च घरचाच. म्हणून कुणी "सीट फिक्स करून देतो, फॉर्म भरायची गरज नाही" म्हणालं तर समजा की तुमच्या मुलीची माफी तो बुडवतोय. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, आणि तो दरवर्षी नव्याने.

नीट पुन्हा देण्याबद्दल आम्हाला सरळ विचारतात, सरळ सांगतो. पहिल्या वेळी अभ्यास मनापासून झाला होता आणि थोडक्यात हुकलं, तर एक वर्ष द्या. पहिल्या वर्षी अभ्यासच झाला नाही, तरी एक वर्ष द्या, पण मुलाशी बोलून. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र बाजूला नर्सिंगचा, फार्मसीचा अर्ज भरलेला असलाच पाहिजे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, पण शेत गहाण टाकायला मर्यादा असते.

आमच्याकडे येताना

पायाभूत वर्ग दहावीच्या परीक्षेनंतर सुरू होतो, नर्सिंग आणि फार्मसी सीईटीचा वर्ग बारावीच्या प्रॅक्टिकल संपल्यावर. नीटचा वर्ग दोन वर्षांचा आहे. वेळा सकाळच्या एसटीने येणाऱ्या मुलांच्या हिशेबाने ठेवल्या आहेत, गाडी चुकली म्हणून कुणाला बाहेर उभं करत नाही. फी तीन हप्त्यांत घेतो. ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात त्यांचा दुसरा हप्ता पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून घरी आल्यावर घेतो, त्यासाठी वेगळा अर्ज नको, फक्त सांगा. पहिला आठवडा विनाशुल्क बसून पाहा.

येताना दहावीची गुणपत्रिका, अकरावीची असेल तर तीही, आणि मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. फक्त पालक आले तर आम्ही चहा पाजतो, प्रवेश देत नाही. आम्ही शिकवतो, अर्ज भरायला मदत करतो आणि कागद तपासून देतो. कॉलेजात जागा मिळवून देणं हे आमचं काम नाही, त्यासाठी आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, आणि आधी आम्हाला कळवा.