बरणीतली बुडबुड

सफरचंदाचा रस बरणीत भरून त्यात यीस्ट टाकलं, की पहिल्या दिवशी बहुधा काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तोंडावरच्या एअरलॉकमधून एक बुडबुडा निघतो, बऱ्याच वेळाने दुसरा. संध्याकाळपर्यंत त्यांना लय येते आणि बरणीला कान लावला तर आतली बारीक फसफस ऐकू येते. घरी सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं आंबवलेलं पेय, करण्याचा नाद मला लागला तो या आवाजामुळे.

यीस्ट रसातली साखर खातं. साखरेच्या वजनातलं जवळजवळ निम्मं अल्कोहोल होतं आणि उरलेलं कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. एक लिटर रसात साधारण १०० ग्रॅम साखर असते. ती सगळी आंबली तर २५ लिटरच्या आसपास वायू तयार होतो! म्हणजे ५ लिटरच्या बरणीतून शंभराहून अधिक लिटर. तोंड घट्ट बंद केलेली बरणी फुटते ती यामुळेच. एअरलॉक ही पाणी भरलेली वळणदार नळी असते. आतला वायू पाण्यातून वाट काढतो, बाहेरची हवा मात्र आत शिरू शकत नाही.

माझ्या मते सायडर करणाऱ्याचं खरं काम वायूंची ही ये-जा राखण्याचंच आहे. सुरुवातीला यीस्टला प्राणवायू हवा असतो, कारण नव्या पेशींची आवरणं घडवताना तो लागतो. म्हणून यीस्ट टाकण्याआधी रस चांगला हलवून घ्यायचा. पण एकदा फेस ओसरला की तीच हवा घात करते. हवेच्या संगतीत ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात आणि हाती येतो तो व्हिनेगर. साक्यावरून निवळ रस दुसऱ्या बरणीत घेताना नळीचं टोक तळाशी धरायचं, खळखळ होऊ द्यायची नाही आणि बरणी गळ्यापर्यंत भरायची.

रस निवडताना बाटलीवरचं लेबल वाचावं. पोटॅशियम सॉर्बेट घातलेल्या रसात यीस्ट वाढतच नाही. रस घरी काढणार असाल तर सडका भाग असलेली फळं सरळ बाजूला काढा. निळसर बुरशीतून पॅट्युलिन हे विष रसात उतरू शकतं. ताजा रस काढताच तपकिरी होतो, त्याची मात्र काळजी नको. आंबताना तो रंग बराच फिका पडतो. सफरचंदाच्या सालीवरही रानटी यीस्ट असतं आणि काही जण त्याच्याच भरवशावर रस सोडून देतात. चव कधी अप्रतिम येते, कधी पार बिघडते. पहिल्या खेपेला विकतचं यीस्ट बरं.

माझ्या दुसऱ्या बरणीला चौथ्या दिवशी कुजक्या अंड्यांचा वास सुटला. सगळं ओतून द्यावं असं वाटलं होतं. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो आणि उपाशी यीस्ट हा वायू सोडू लागतं. थोडं यीस्टचं खाद्य घातलं, वाट पाहिली. दोन आठवड्यांत वास गेला. तेव्हापासून १५ ते १८ अंशांच्या गारव्यात सावकाश आंबवतो. फळाचा सुगंध त्यात जास्त टिकतो.

किती अल्कोहोल झालं हे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारा तरंगता मापक, सांगतो. रसात तो तरंगतो तेव्हा आकडा समजा १.०५० असतो, साखर संपली की १.००० वर येतो. फरकाला १३१ ने गुणलं की साडेसहा टक्के. ही सायडर कोरडी लागते, गोडवा जवळपास उरत नाही. पुढे काही महिने ठेवली तर कधी कधी दुसरे जिवाणू तिच्यातल्या तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि चवीची धार मवाळ होते. इथवरच थांबायचं, घरी ऊर्ध्वपातन करण्याच्या फंदात पडू नये, ते धोक्याचं आहे आणि बहुतेक देशांत बेकायदाही. नुसती आंबवण्याचे नियमही देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी पाहावेत.

फेसाळ सायडर हवी असेल तर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, ती आंबली की वायू बंद बाटलीतच कोंडून राहतो. ही युक्ती जुनी आहे. वाइन फेसाळ व्हावी म्हणून तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं क्रिस्टोफर मेरेट या इंग्लिश डॉक्टरांनी १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे नोंदवलं होतं. कोळशाच्या भट्टीत घडलेली इंग्लंडमधली जाड काच तो दाब सोसू शकत होती. आज लिटरला ६-७ ग्रॅम साखर पुरते, पण हायड्रोमीटरचा आकडा आठवडाभर जागचा हललेला नसेल तरच. आणि बाटल्या दाब सोसणाऱ्याच हव्यात. मी त्यांतली एक सोड्याची प्लास्टिकची बाटली ठेवतो. ती दाबून पाहायची. दगडासारखी टणक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये.