लेट्यूसच्या बियाला उजेड कळतो

बेळगावात परड्यात किंवा गच्चीवर झालरीच्या पानांचं लेट्यूस लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: बी उगवलंच नाही. दोष बियाण्यावर जातो. पण पुष्कळदा बी चांगलंच असतं. ते कोथिंबिरीच्या धण्यांसारखं मातीत खोल पुरलेलं असतं, तेही ऑक्टोबरच्या उन्हात.

या पानांच्या वाणांत 'ग्रँड रॅपिड्स' हा जुना, हिरवा, कुरळ्या कडांचा वाण. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव कायमचं नोंदलं गेलं आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं भिजवलेलं बी अंधारात ठेवून त्यावर आळीपाळीने लाल आणि गडद लाल (इंग्रजीत 'फार-रेड', डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला. शेवटचा प्रकाश लाल असेल तर सुमारे ७० टक्के बी उगवलं. गडद लाल असेल तर १० टक्केसुद्धा नाही. आधी किती वेळा अदलाबदल झाली याला महत्त्वच नव्हतं, शेवटचा प्रकाश कोणता तेवढंच मोजलं गेलं. प्रकाश ओळखणारं हे रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. मला हा प्रयोग विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

यामागचं कारण सरळ आहे. एका ग्रॅममध्ये लेट्यूसचं हजारेक बी मावतं, म्हणजे प्रत्येकात शिदोरी अगदी थोडी. खोलवर मातीत उगवलं तर कोंब वर येण्याआधीच ती संपेल. दाट पानांखालीही तीच अडचण, कारण हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि खाली मुख्यतः गडद लालच पोचतो. म्हणून ओलं झालेलं बी आधी उजेडाचा अंदाज घेतं. सगळ्याच वाणांना उजेडाची इतकी गरज नसते, पण बी वर ठेवण्यात तोटा कुणाचाच नाही. ते ओल्या मातीवर पसरायचं, वरून चाळलेलं शेणखत नुसतं भुरभुरायचं आणि झारीने हलकं पाणी द्यायचं.

दुसरी अट गारव्याची. माती तीस अंशांच्या वर तापली की बरेच वाण उगवायचे थांबतात. बी पाणी पिऊन फुगतं त्या पहिल्या काही तासांतली उष्णता सर्वांत घातक. म्हणून पेरणी संध्याकाळी करावी, म्हणजे ते तास रात्रीच्या गारव्यात जातात. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असलेल्या बेळगावची थंडी या पिकाला मानवते. नोव्हेंबरात पेरलं तर दीड-दोन महिन्यांत पानं काढणीला येतात, आणि नेमका तेव्हाच घाटाखाली गोव्यात पर्यटकांचा हंगाम असतो. खानापूरकडच्या पावसात मात्र हा नाद करू नये. चुण्यांत पाणी साचतं आणि पानं कुजतात.

त्या चुण्या पडतात वाढीच्या फरकामुळे. पानाची कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढते. तेवढ्या लांबीला सपाट जागा पुरत नाही, मग घागऱ्याच्या घेरासारखी कड दुमडत जाते. लाल वाणांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. थंडी आणि भरपूर ऊन मिळालं की तो गडद होतो.

फेब्रुवारी सरताना दिवस मोठा होतो, ऊन तापतं आणि रोप मधून दांडा वर काढतं. देठ मोडला की पांढरा चीक जास्त दिसू लागतो, पान कडवट होतं. हा चीक आपल्या माळरानावरच्या पाथरीतही असतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. ज्यांना भाकरीबरोबर कच्ची पाथरी आवडते, त्यांना थोडं कडसर लेट्यूस परकं वाटणार नाही.

काढताना बाहेरची पानं घ्यावीत, मधला गाभा ठेवावा. रोप पुन्हा पानं देतं. सकाळी काढलेलं पान जास्त कुरकुरीत असतं, कारण रात्रभरात पेशींत पाणी भरलेलं असतं. मलूल झालेलं पान गार पाण्यात ठेवलं की पुन्हा ताठ होतं. पान कच्चंच खायचं असल्याने पाण्याबाबत तडजोड नको: शहराच्या नाल्याचं पाणी या वाफ्याला कधीही देऊ नये, आणि प्रत्येक चुणी उघडून धुवावी. मग कांदा, शेंगदाण्याचं कूट, लिंबू घालून पचडी करावी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. मीठ मात्र पानात वाढताना घालावं. आधी घातलं तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि झालरी लोळागोळा होतात.