पेय-मांडणी व्यवस्था

पेय-मांडणी व्यवस्था : किरकोळ विक्रीच्या दुकानात बाटलीबंद, डबाबंद व खोकेबंद पेये गिऱ्हाइकाच्या हाताशी ठेवण्यासाठी वापरायच्या फळ्या, रॅक, उघडी शीतकपाटे आणि काचेच्या दाराचे कूलर यांची एकत्रित रचना. घरी न्यायचा माल साधारणपणे खोलीच्या तापमानाला फळीवर आणि लगेच प्यायचा माल थंड, अशी तिची विभागणी असते. निवड करताना बहुधा दर्शनी रूपाकडे पाहिले जाते. पण कोणती व्यवस्था चालेल हे मालाची उलाढाल आणि पुन्हा भरणीचा वेग यांवरच अधिक ठरते.

इतिहास : गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलण्याची पद्धत रुळण्यापूर्वी पेये विक्रेत्याच्या पाठीमागील फळीवर असत. क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस (टेनेसी) येथे ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा दुकान उघडले व १९१७ मध्ये त्याच्या आराखड्याचे पेटंट मिळवले. स्वयंसेवेचे जनकत्व त्यांना देण्याचा प्रघात आहे. तथापि कॅलिफोर्नियातील काही किराणा दुकानांनी त्याच सुमारास, कदाचित किंचित आधीही, असे प्रयोग केल्याचे म्हटले जाते. साँडर्स यांच्या आराखड्यात एका बाजूने आत शिरायचे, सर्व फळ्यांसमोरून जायचे आणि रोखपालापाशी बाहेर पडायचे, अशी एकमार्गी वाट होती. पहिला मान कोणाचा हा वाद बाजूला ठेवला, तरी माल कोठे व किती उंचीवर ठेवावा हा प्रश्न विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो या आराखड्यामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

शीतकपाटाचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. प्रारंभी बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवीत. कोका-कोला कंपनीने १९२९ मध्ये ग्लॅस्कॉक ब्रदर्स या कारखानदारांकडून बनवून घेतलेली बर्फाची पेटी ही ठरावीक नमुन्याच्या, कंपनीचे नाव मिरवणाऱ्या पेट्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आरंभीची पेटी होय. १९३० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या पेट्यांचा प्रसार झाला. या पेट्या वरून उघडत. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती आतच राही, मात्र माल पाहायला वाकावे लागे. उभ्या कपाटात माल दुरून दिसतो, पण दार उघडताच थंड हवा पायाशी सांडते. पुढची बहुतेक तांत्रिक सुधारणा ही सांडलोट रोखण्यासाठीच झालेली आहे.

शीतकपाटांचे प्रकार : उघड्या, अनेक फळ्यांच्या कपाटात वरच्या पट्टीतून खाली सोडलेला हवेचा पडदा दाराचे काम करतो. तळाच्या जाळीतून ही हवा परत ओढली जाते. खोके जाळीवर आले किंवा बाटल्या फळीच्या कडेबाहेर डोकावल्या की पडदा फाटतो; म्हणून कपाटाच्या आतल्या बाजूला भरणीची मर्यादा दाखवणारी रेघ आखलेली असते. घाईच्या वेळी ती हमखास ओलांडली जाते. उघड्या कपाटावरील शीतनभाराचा (यंत्राला काढावी लागणाऱ्या एकूण उष्णतेचा) बराच मोठा हिस्सा बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरल्यामुळे असतो. त्यामुळे दारे बसवणे हा वीज वाचवण्याचा सर्वांत सरळ उपाय ठरतो. दारामुळे विक्री घटते अशी दुकानदारांची जुनी तक्रार आहे. लगबगीच्या दुकानात ती अगदीच निराधार म्हणता येत नाही, पण सर्वत्र लागू करण्याइतका आधारही तिला दिसत नाही.

काचेच्या दाराच्या कूलरमध्ये काच दुहेरी असते, मधल्या पोकळीत अनेकदा आर्गॉन वायू भरतात व काचेवर उष्णता परावर्तित करणारा पातळ लेप असतो. काचेच्या बाहेरील पृष्ठभागाचे तापमान दुकानातील हवेच्या दवबिंदूखाली गेले की तिच्यावर बाष्प धरते आणि माल दिसेनासा होतो. ते टाळण्यासाठी चौकटीत किंवा काचेत तापक तारा बसवतात. या तारांचा वीजखर्च विक्रेते क्वचितच सांगतात.

शीतनयंत्रणा कपाटातच असलेला कूलर कोठेही हलवता येतो, पण आतून काढलेली सगळी उष्णता तो दुकानातच सोडतो. धूळ साचलेले संघनक वेटोळे (उष्णता बाहेर सोडणारी नळी) आणि भिंतीला चिकटून ठेवलेले कपाट ही त्याच्या मंद शीतनाची नेहमीची कारणे होत. मोठ्या दुकानांत यंत्रणा बाहेर ठेवतात, किंवा मागून भरता येणारी थंड खोली बांधतात. तिची फळी उताराची असते. नवी बाटली मागून येते व जुनी पुढे सरकते, त्यामुळे आधी आलेला माल आधी विकला जातो. हा क्रम उतारापेक्षा बाटलीच्या बुडावर अधिक अवलंबून असतो. वायुयुक्त पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे बूड पाकळ्यांसारखे असते. तारेच्या फळीवर त्या पाकळ्या अडकतात, म्हणून त्यांच्यासाठी रुळांची किंवा गुळगुळीत खाचांची पट्टी घ्यावी लागते.

क्षमता आणि तापमान : कूलरची क्षमता लिटरमध्ये किंवा बाटल्यांच्या संख्येत सांगतात. भरणीनंतर माल किती वेळात थंड होतो, हे त्यावरून कळत नाही. अर्धा लिटरच्या २४ बाटल्या ३० अंशांवरून ४ अंश सेल्सिअसवर आणायच्या तर सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. प्रत्यक्ष ३०० वॅट शीतनशक्ती असलेल्या यंत्राला केवळ हिशेबानेच त्यासाठी सव्वा तास लागेल. बाटलीतून हवेकडे उष्णता हळू जाते, दारही मधूनमधून उघडते. त्यामुळे खरा वेळ याहून बराच अधिक. म्हणून खपाच्या ऐन वेळी सर्व फळ्या एकदम भरणारा दुकानदार कोमट माल विकतो. अर्धा माल काढून त्याजागी गरम माल भरायचा व कूलर किती वेळात सावरतो ते पाहायचे, ही चाचणी यासाठीच घेतात. पेय-कूलरांचे वर्गीकरण व चाचणी यांसाठी आयएसओ २२०४४ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आले.

तापमान फार खाली नेण्यातही धोका आहे. विरघळलेल्या साखरेमुळे गोठणबिंदू उतरतो. परिणामी साखरविरहित पेय गोड पेयापेक्षा किंचित आधी गोठते. पंख्यासमोरील वरच्या कोपऱ्यात ते ठेवू नये, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. गोठणबिंदूखाली जाऊनही द्रव राहिलेली बाटली उघडताच वायू सुटतो आणि आतील पेयाचा क्षणात बर्फाळ लगदा होऊ शकतो.

फळ्यांची मांडणी : ३३० मिलि.चा नेहमीचा डबा सुमारे ६६ मिमी. व्यासाचा असतो. एक मीटर रुंद व ४५ सेंमी. खोल फळीवर असे १५ गुणिले ६, म्हणजे ९० डबे एका थरात बसतात व त्यांचे वजन ३० किग्रॅ.च्या वर जाते. त्याच फळीवर दोन लिटरच्या बाटल्या लावल्या तर भार ७० किग्रॅ. ओलांडतो. मोठ्या बाटल्या खाली ठेवण्याचे मुख्य कारण हेच. विक्रीशास्त्र त्यानंतर येते.

एखाद्या पेयाला समोरून दिसणाऱ्या किती रांगा द्याव्यात, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रोनाल्ड करहॅन यांनी १९७२ मध्ये जागा व विक्री यांचा संबंध क्षीण असल्याचे दाखवले. मार्टिन आयझेंड यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांच्या मते जागा १० टक्के वाढवल्यास विक्री सरासरी १.७ टक्क्यांनी वाढते. याउलट द्रेझ, हॉक व पर्क (१९९४) यांनी रांगांच्या संख्येपेक्षा माल फळीवर कोठे आहे याला, विशेषतः उंचीला, अधिक महत्त्व दिले; माल संपू नये इतका साठा असला की जादा रांगांनी फारसे साधत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पेयांच्या बाबतीत हाच ग्राह्य वाटतो. मात्र हे निष्कर्ष कूलरला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण तेथे मागची रांग ही राखीव साठ्याबरोबरच थंड होत असलेला मालही असते.

प्रकाशाचा प्रश्न अनेकदा विसरला जातो. बिअरमधील रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) प्रकाश शोषते व हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतील) द्रव्यांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी काच हा परिणाम बराच रोखते, हिरवी कमी, रंगहीन जवळजवळ नाहीच. दुधाच्या पेयांतही रायबोफ्लेविनमुळे प्रकाशात चव बिघडते. अशा बाटल्या दिव्याच्या पट्टीलगत न ठेवणे बरे.

शीतकद्रव्ये : कूलरच्या यंत्रात उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्यांपैकी क्लोरोफ्लुओरोकार्बने ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रिअल करारानुसार (१९८७) मागे पडली. त्यांच्या जागी आलेल्या आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. याच कराराच्या किगाली दुरुस्तीने (२०१६) अशा द्रव्यांवरही टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. नव्या कूलरमध्ये प्रोपेन (आर-२९०) किंवा कार्बन डायऑक्साइड आढळते. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने यंत्राच्या एका बंद नळीमंडलात ते १५० ग्रॅमपर्यंतच भरता येई. आंतरराष्ट्रीय मानकात २०१९ मध्ये ही मर्यादा जवळजवळ ५०० ग्रॅमपर्यंत नेण्यात आली.

मालकी : अनेक दुकानांतील कूलर पेयकंपनीच्या मालकीचा असतो, तो फुकट मिळतो, पण बहुधा त्यात त्याच कंपनीचा माल ठेवण्याची अट असते. लहान दुकानात दुसऱ्या कूलरला जागाच नसल्याने ही अट प्रतिस्पर्ध्याला दुकानाबाहेर ठेवते. यूरोपीय आयोगाने २००५ मध्ये कोका-कोलाची वचने बंधनकारक केली. गिऱ्हाइकाला थेट उघडता येईल असा थंड पेयांचा दुसरा कूलर दुकानात नसल्यास, कंपनीच्या फुकट कूलरमधील किमान २० टक्के जागा दुकानदाराला इतर पेयांसाठी वापरता यावी, असे त्यांत ठरले. आइसक्रीमच्या फ्रीजरबाबत आयर्लंडमध्ये असाच वाद याआधी झाला होता. दुरुस्ती कोणी करायची, वीजबिल कोण भरणार आणि करार संपल्यावर कपाट कोण उचलून नेणार, या बाबी करारानुसार बदलतात.