लिंक्ड डेटा प्रकाशित करायला आरडीएफ लागतंच का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

वाचनालयाची ग्रंथसूची, बाजार समित्यांची यादी, धरणांची माहिती असं बरंच काही नाशिकमधल्या संस्थांकडे एक्सेलमध्ये पडून असतं. ते 'लिंक्ड डेटा' म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या डेटाशी दुव्यांनी जोडलेल्या आणि संगणकाला कळणाऱ्या रूपात, वेबवर टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, परवानगी कोणाची घ्यायची? डेटा तुमचा स्वतःचा असेल तर कोणाचीच नाही. परवाना नाही, फी नाही, कुठल्या कार्यालयाचा शिक्का नाही. अर्ज करायचा तो 'लिंक्ड ओपन डेटा क्लाउड' या अशा डेटासंचांच्या जागतिक नकाशात आपलं नाव हवं असेल तरच, आणि तिथे मात्र तांत्रिक अटी आहेत.

सक्ती नेमकी कशाची?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे चार नियम मांडले. प्रत्येक गोष्टीला युआरआय (वेबपत्त्यासारखी एकमेव ओळख) द्या, तो एचटीटीपीने, म्हणजे ब्राउझरमध्ये, उघडणारा असू द्या, उघडल्यावर उपयोगी माहिती मिळू द्या आणि दुसऱ्यांच्या युआरआयशी जोडा. तिसऱ्या नियमात आरडीएफ (माहिती छोट्या विधानांत मांडायचं मानक) आणि स्पार्कल (तशा डेटाला प्रश्न विचारायची भाषा) यांची नावं नंतर घातली गेली. वाद तिथूनच सुरू झाला, आरडीएफशिवायचा डेटा 'लिंक्ड' म्हणायचा की नाही? त्यांच्याच २०१० च्या पंचतारांकित मोजपट्टीत खुल्या परवान्याची साधी पीडीएफसुद्धा एक तारा मिळवते, एक्सेलला दोन आणि सीएसव्हीला (साध्या मजकुरातल्या तक्त्याला) तीन. आरडीएफसारखी मानकं चौथ्या ताऱ्यापासून येतात, तर दुसऱ्यांच्या डेटाशी जोडणी केली की पाचवा.

माझं मत सांगतो. आरडीएफची मांडणी पाळा, स्पार्कलचा सर्व्हर सध्या विसरा. मांडणी का, ते निफाडच्या उदाहरणात दिसतं. कांद्याच्या भावांच्या तक्त्यात नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं असतं. आपण समजून घेतो की हे पिंपळगाव बसवंत. संगणकाला सातपूरजवळचं पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांबही तितकंच जवळचं. आरडीएफमध्ये हीच नोंद तीन भागांत येते: अमुक युआरआय असलेली बाजार समिती, 'तालुका', आणि निफाडचा युआरआय. या तीन भागांच्या विधानाला ट्रिपल म्हणतात. ते लिहायच्या पद्धती अनेक आहेत: टर्टलमध्ये लिहा, जेसन-एलडीमध्ये लिहा किंवा एचटीएमएल पानातच आरडीएफए म्हणून टाका, अर्थ तोच राहतो.

क्लाउडसाठी पात्रता

व्यक्ती, महाविद्यालय, वाचनालय, कंपनी, कोणीही अर्ज करू शकतं. तपासला जातो तो डेटा. युआरआय उघडायला हवेत आणि उघडल्यावर आरडीएफ मिळायला हवं. अटीत आरडीएफए, आरडीएफ/एक्सएमएल, टर्टल आणि एन-ट्रिपल्स यांची नावं आहेत, त्यामुळे जेसन-एलडी वापरत असाल तर सोबत टर्टलची प्रतही ठेवा. किमान १००० ट्रिपल हवेत. जिल्ह्याच्या १५ तालुक्यांची प्रत्येकी दहा विधानं केली तरी दीडशेच होतात, ते पुरणार नाही. उलट २०० पुस्तकांची सहा-सहा विधानं केली की आकडा पार. नकाशात आधीपासून असलेल्या डेटासंचांकडे, म्हणजे डीबीपीडिया (विकिपीडियातून काढलेला डेटा), जिओनेम्स (ठिकाणांच्या नावांचा संच) वगैरेंकडे, किमान ५० दुवे हवेत. हा ५० चा आकडा आपण आपल्या मनाने ठरवल्याचं नकाशाचे चालकच सांगतात, पण अट ती अट. शेवटचं म्हणजे पूर्ण डेटा एकगठ्ठा मिळायला हवा: क्रॉलिंगने (सॉफ्टवेअरने एकामागून एक दुवे उघडत), डाउनलोड फाइलने किंवा स्पार्कलने. तिन्हींपैकी एक मार्ग पुरे, म्हणून स्पार्कल सक्तीचं नाही.

हाताशी काय ठेवायचं

आधार, पॅन यांपैकी काही लागत नाही. इंग्रजी फॉर्ममध्ये डेटासंचाचं नाव आणि वर्णन, विषयगट (भूगोल, शासन, प्रकाशनं इत्यादी), संपर्क, परवाना, डाउनलोडचा दुवा, एक नमुना युआरआय, एकूण ट्रिपल आणि कोणत्या संचाकडे किती दुवे हे भरायचं असतं. परवान्याला लोक हमखास बगल देतात. सीसी बाय ४.० (श्रेय देऊन वापरा) किंवा सीसी झिरो (कसलीच अट नाही) निवडा आणि तसं पानावर स्पष्ट लिहा. सभासदांची नावं आणि फोन नंबर असलेला रकाना आधीच काढून टाका, कारण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे आडवा येतो.

स्वस्तातलं होस्टिंग असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. टर्टलची फाइल चढवलेली असते, ब्राउझरमध्ये दिसतेही, पण सर्व्हर ती 'टेक्स्ट/प्लेन' म्हणून पाठवतो आणि समोरचं सॉफ्टवेअर गोंधळतं. अपाचे सर्व्हरवर एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेक्स्ट/टर्टल' प्रकाराची एक ओळ घातली की काम होतं. युआरआय मराठीतही चालतात, पण व्हॉट्सॲपवर पाठवले की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. रोमन ठेवा.

डोमेन कायम राहील याची खात्री नसेल तर डब्ल्यूथ्री-आयडीकडून कायमस्वरूपी पत्ता मोफत मिळतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा एक समुदाय गट ही सेवा चालवतो. तिथला अर्ज म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती): तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात एचटीॲक्सेस आणि संपर्क लिहिलेली रीडमी फाइल. उद्या होस्टिंग बदललं तर फक्त पुढे वळवण्याची ओळ बदलायची, बाहेर दिलेले युआरआय तसेच राहतात.

सरकारी कार्यालय असाल तर

केंद्राच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलची वाट वेगळी आहे. तिचा पाया २०१२ चं राष्ट्रीय डेटा धोरण, आणि परवाना २०१७ चा सरकारी खुला डेटा परवाना. तिथे विभागाने नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फतच डेटा चढतो आणि सीएसव्ही चालते. ती आधी तिथे द्या, आरडीएफची आवृत्ती मागाहून करता येते.