खुब्याचा दाखला कुठून आला?

गोव्यात लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घेताना 'पेपर आहेत का?' असे हमखास विचारले जाते. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. त्यावर पिल्लाचे आईबाप आणि आजे-पणजे असतात. त्यांचे खुबे कसे होते ते नसते. त्याला एक्स-रेचा वेगळा अहवाल लागतो आणि आपल्याकडे तो क्वचितच कोणी मागतो.

कुत्र्यांमधल्या खुब्याच्या या दोषाचे, म्हणजे हिप डिस्प्लेशियाचे, पहिले वर्णन १९३५ मध्ये बोस्टनच्या श्नेल या पशुवैद्याने केले. तेव्हा तो दुर्मीळ वाटला होता. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा साधारण ठीकच असतो. पुढच्या काही महिन्यांत तो सैल पडतो, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीच्या काठावर घासू लागतो, खोबणी उथळ होते आणि कडेने हाड वाढते. मग पिल्लू मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखे पळते. काही कुत्री मात्र वर्षानुवर्षे लंगडत नाहीत. त्यामुळे नुसत्या चालीवरून पैदाशीचा नर निवडणे धोक्याचे ठरले आणि एक्स-रेची गरज पुढे आली.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाच स्वीडनमध्ये पैदाशीच्या कुत्र्यांचे एक्स-रे पद्धतशीर तपासले जाऊ लागले होते. अमेरिकेत जॉन ऑलिन या उद्योगपतीच्या पुढाकाराने १९६६ मध्ये ओएफए (ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स) ही संस्था उभी राहिली. तिथे तीन रेडिओलॉजिस्ट एकमेकांना न विचारता फिल्म पाहतात आणि सात श्रेणींपैकी एक देतात. पक्क्या दाखल्यासाठी कुत्रा २४ महिन्यांचा असावा लागतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याच्या नऊ बाबींना गुण देतात. एका बाजूला ० ते ५३, दोन्हींचे मिळून १०६. आकडा जितका कमी तितके चांगले. युरोपात एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ए ते ई श्रेणी चालतात; ए सर्वात चांगली. त्यात गोळा खोबणीत किती नीट बसला आहे ते दाखवणाऱ्या नॉरबर्ग कोनाला मोठे वजन आहे आणि १०५ अंश किंवा जास्त असेल तर सांधा चांगला मानतात. परदेशातून आणलेल्या कुत्र्याचा दाखला वाचताना तो कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे, नाहीतर ब्रिटिश '१२' आणि जर्मन 'ए' यांची तुलना करत बसण्याची वेळ येते.

फिल्म बिघडते ती बहुतेक वेळा टेबलावरच. कुत्र्याला उताणे झोपवून मागचे पाय सरळ ताणायचे, मांड्यांची हाडे एकमेकांना समांतर ठेवायची आणि गुडघ्याच्या वाट्या मधोमध आणायच्या. कमरेचे हाड जरा कलले तरी एक खोबणी खोल आणि दुसरी उथळ दिसते. म्हणून त्या हाडातली दोन्ही बाजूंची भोके सारख्याच आकाराची दिसतात का, हे आधी तपासतात. भूल न देता चौघांनी धरून काढलेली फिल्म तर फसवीच, कारण घट्ट आवळलेले स्नायू सैलपणा झाकतात. माजावर असलेल्या किंवा गाभण कुत्रीचाही एक्स-रे टाळावा; त्या काळात सांधे एरवीपेक्षा सैल दिसू शकतात.

पाय ताणण्याच्या याच पद्धतीवर पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी बोट ठेवले. ताणलेल्या पायात सांध्याभोवतीचे आवरण पिळवटते आणि गोळा खोबणीत दाबला जातो. सैलपणा मोजायचा तिथेच तो लपतो. १९८३ पासून त्यांनी पेनहिप ही वेगळी एक्स-रे पद्धत विकसित केली. यात पाय उभे असतानासारखे ठेवून गोळा हलकेच बाहेर ढकलतात आणि तो किती सरकला ते मोजतात. ०.३० किंवा त्याहून कमी निर्देशांक म्हणजे घट्ट सांधा. हे सोळाव्या आठवड्यापासून करता येते, पण प्रशिक्षित पशुवैद्यच करू शकतो. ते जवळ नसेल तर भुलेखाली ऑर्टोलानी चाचणी तरी करून घ्यावी. ऑर्टोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ, चाचणीही मुळात तान्ह्या बाळांची. सैल सांध्यात गोळा परत खोबणीत बसताना बोटांना 'टक्' जाणवते.

इतकी वर्षे तपासण्या होऊनही दोष संपला नाही, कारण तो एका जनुकाचा नाही. चांगल्या आईबापांनाही सदोष पिल्ले होतात, म्हणून भावंडांचे अहवालही पाहावे लागतात. शिवाय खराब फिल्म ब्रीडर पाठवतच नाहीत आणि नोंदवह्या असतात त्यापेक्षा उजळ दिसतात.

उरलेला भाग संगोपनाचा. ४८ लॅब्राडोरांच्या एका दीर्घ अभ्यासात निम्म्यांना बाकीच्या निम्म्यांपेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले. त्यांचे खुबे चांगले राहिलेच, शिवाय आयुष्याचा मध्यांक ११.२ वरून १३ वर्षांवर गेला. आपल्याकडे उलट चालते: भाताचा डोंगर, वर 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून कॅल्शियमची पावडर. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचे कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही; तयार पपी फूड चालू असेल तर ही पावडर हाडांची वाढ बिघडवू शकते. नॉर्वेतल्या एका पाहणीत तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त आढळला, मोकळ्या मऊ जमिनीवर खेळणाऱ्यांना कमी. पावसाळ्यात इथे पिल्लू चार महिने व्हिट्रिफाईड टाइल्सवर घसरत असते. निदान ताटलीपाशी आणि दारापाशी गोणपाट किंवा रबरी मॅट टाकावी.

वयाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. कमरेच्या हाडाची वाढ वळवून खोबणी गोळ्यावर आणणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण १५ ते २० आठवड्यांतच उपयोगी पडते; वर्षभराने लंगडणे दिसल्यावर तो मार्ग बंद झालेला असतो. पिल्लू घेताना आई आणि बाप दोघांचेही अहवाल मागावेत, आणि फिल्मवर उमटलेला मायक्रोचिपचा क्रमांक पेपरवरच्या क्रमांकाशी आकडा न् आकडा जुळवून पाहावा.